संग्रह कीं परिग्रह?

संग्रह आणि परिग्रह हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले. परंतु व्यवहारांत पहिल्याची गणना गुणांत होते व दुसऱ्याची दोषांत. अपरिग्रहाला पतंजलीनें यमांत आणि जैनांनीं महाव्रतांत स्थान दिलें. ग्रंथसंग्रह करणाऱ्याला मात्र समाज मानच देत आला. मग परक्या लोकांच्या जुन्या कोरीव वस्तु विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यांत मांडणाऱ्या रसिकाला कोणत्या पंक्तींत बसवावयाचें?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर लानाओ सरोवराच्या कांठीं मारानाओ लोक राहतात. ते मुसलमान आहेत. तथापि रावणाची कथा त्यांच्यांत 'महारादिया लावाना' या नांवानें चालत आली आहे, तेव्हां आपल्याला ते अगदींच परके नव्हेत. त्यांचा कल्पित पक्षी सारीमानोक. तो लांकडांत कोरून भडक रंगांनीं रंगवितात. त्याच्या चोंचींत किंवा पंजांत मासा असतो आणि पंखांवर व पिसाऱ्यावर 'ओकिर' नामक वेलबुट्टीची दाट नक्षी असते. सुलतानांच्या 'तोरोगान' नामक लांकडी वाड्यांवरही याच नक्षीचें कोरीव काम दिसतें. समारंभांत हा पक्षी मिरवितात. तो घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण होय.

असा पक्षी संग्राहकाच्या कपाटांत आला म्हणजे काय होतें? लांकूड तेंच राहतें, पण तो कोणाच्या घरचा, कोणीं कोरला, कोणत्या प्रसंगीं मिरविला, हें सारें दारांतच गळून पडतें. उरते 'लांकडी पक्षी, मिंदानाओ' एवढी चिठ्ठी. पुढें तो हातोहात विकला जाऊन त्याची किंमत वाढली, तरी त्या वाढीचा छदामहि कोरणाऱ्याच्या घरीं पोंचत नाहीं.

यावर संग्राहकाचें उत्तर तयार आहे, आणि तें लेचेपेचें नाहीं. २०१७ च्या मे महिन्यांत मारानाओंच्या मारावी शहरांत लढाई पेटली ती पांच महिने चालली. तीन लाखांहून अधिक माणसें घरें सोडून गेलीं. मागें राहिलेल्या पिढीजात वस्तु कित्येक जळाल्या, कित्येक लुटल्या गेल्या. त्याआधीं जें दूर देशींच्या कपाटांत गेलें होतें, तें या आगींतून वांचलें. मग संग्राहकाला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

हा युक्तिवाद खरा आहे. पण संग्राहक समजतो तितकें त्यानें सिद्ध होत नाहीं. घराला आग लागली असतां शेजाऱ्यानें आपलीं भांडीं बाहेर काढलीं, तर आपण त्याचे जन्माचे ऋणी होऊं. पण तेवढ्यानें भांडीं त्याचीं होत नाहींत. संग्राहक म्हणेल, 'मीं तर दाम मोजले होते.' मान्य. कायदा त्याच्या बाजूचा आहे. परंतु रक्षण केल्याचें पुण्य ज्याला हवें, त्यानें रक्षकाचें कर्तव्यहि पत्करलें पाहिजे. ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांच्या मुलांना आपल्या वाडवडिलांची नक्षी पाहावयाची असेल, तर त्याचें कपाट उघडलें पाहिजे. वस्तूचें गांव, घराणें व कारागीर यांची नोंद ठेवली पाहिजे. आणि वेळ आली तर ती परत देण्याची मनाची तयारी हवी.

याहून कठीण कसोटी निराळीच आहे. सरोवराकांठच्या तुगाया गांवांत लांकडावर कोरणारे व पितळ घडविणारे कारागीर अजून काम करतात. २००६ सालीं राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळालेले दिवंगत शिल्पकार अब्दुल मारी इमाओ यांनीं तर सारीमानोकाला नव्या कलेंत आणलें. म्हणजे हा पक्षी मेलेला नाहीं. मग जुना शोधण्याऐवजीं जिवंत कारागिराकडून नवा कां घडवून घेऊं नये? 'त्याला जुन्याची सर नाहीं' असें उत्तर आलें, तर संग्राहकानें स्वतःला विचारावें, कीं आपलें प्रेम त्या पक्ष्यावर आहे, कीं तो दुसऱ्या कोणापाशीं नाहीं यावर? पहिलें असेल तर तो संग्रह. दुसरें असेल तर कपाट कितीहि सुंदर असो, तो परिग्रहच होय.