फळाची आशा कुणाची?

कॅनडात नऊ-दहा वर्षांचं मूल आइस हॉकीच्या ‘ट्रिपल-ए’ म्हणजे अव्वल दर्जाच्या संघात निवडलं गेलं, की घराचा जमाखर्च आणि दिनक्रम दोन्ही बदलतात. रिंकचं भाडं, स्केट्स, खासगी प्रशिक्षण, परगावचे सामने, ऐन हिवाळ्यातला पहाटेचा सराव. हे सारं सोसताना पालकांच्या मनात बहुधा एनएचएल ही अव्वल व्यावसायिक हॉकी लीग असते, निदान विद्यापीठाची शिष्यवृत्ती तरी. पण एनएचएलमध्ये संघ 32 आणि प्रत्येकाच्या मुख्य चमूत जास्तीत जास्त 23 खेळाडू; म्हणजे साऱ्या जगासाठी साडेसातशेहून कमी जागा. दरवर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी करायच्या नवोदितांच्या निवडीच्या, सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास तरुण निवडले जातात आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला एनएचएलचा एकही सामना येत नाही. लहानपणीची निवडसुद्धा गुणांचीच पारख असते असं नाही. कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा असल्याचं रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवून दिलं. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं, अंगानं थोराड मूल गुणी ठरतं, वरच्या संघात जातं आणि तिथल्या जादा सरावानं खरोखरच पुढे निघून जातं.

तरीही ‘शक्यता कमी, म्हणून सोडा’ एवढ्यावर हा विचार थांबवता येत नाही. शक्यता भरपूर असती, तर मुलाचं बालपण पणाला लावणं योग्य ठरलं असतं का? कर्म सोडू नये, फलाशा सोडावी, असा गीतेचा अर्थ टिळकांनी 1915 च्या ‘गीतारहस्या’त मांडला. तिथे कर्म करणारा आणि फळाची आशा धरणारा एकच आहे. इथे बर्फावर घाम गाळतं मूल आणि आशा धरतात आईवडील. घरातली शिल्लक आपल्या खेळावर लागली आहे हे ज्या मुलाला कळतं, त्याला केवळ खेळासाठी खेळणं अवघड होऊन बसतं. म्हणून फलाशेचा त्याग हे इथे आधी पालकांचं कर्तव्य आहे.

यावर कुणी म्हणेल, महत्त्वाकांक्षेवाचून थोर खेळाडू घडतील कसे? महत्त्वाकांक्षा जरूर असावी, पण ती मुलाची स्वतःची आणि त्याच्या वयाबरोबर वाढणारी. नॉर्वेच्या क्रीडा महासंघानं 1987 मध्येच बालक्रीडेचे नियम घालून दिले. तिथे अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी ठेवत नाहीत. तरीही हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो छोटा देश पदकांच्या अग्रभागी असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलालाच हे हवं असेल तर? त्याच्या इच्छेचा मान राखायलाच हवा. पण नऊ वर्षांच्या मुलाची इच्छा घरातल्या कौतुकावर पोसलेली असते. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी 1980 मध्ये मुलाच्या ‘खुल्या भविष्याचा हक्क’ मांडला, तो इथे नेमका लागू पडतो. आज हो म्हणणाऱ्या मुलाला चौदाव्या वर्षी अपराधी न वाटता नाही म्हणता आलं पाहिजे.

म्हणून पालकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: करार नाही, शिष्यवृत्ती नाही, हे आजच ठाऊक असतं, तर ही वर्षं मुलासाठी चांगली ठरली असती का? आनंद, मैत्री, निकोप शरीर यांसाठी उत्तर ‘हो’ येत असेल, तर ऐपतीप्रमाणे खुशाल खर्च करावा. तो प्रेमाचा खर्च आहे. उत्तर ‘नाही’ येत असेल, तर शक्यता कितीही मोठी असली तरी थांबावं. उद्यासाठी दुसऱ्याचा आज गहाण टाकण्याचा अधिकार आईबापांनाही नाही.