मुकी ठेव



दत्तजयंतीच्या अंकासाठी दोन शब्द लिहा असं मंडळाने सांगितलं, तेव्हा मी जरा घाबरलोच. मी काही प्रवचनकार नाही. बी.कॉम. झालो, बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. पण एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे, तो हिशेबासारखा तुमच्यापुढे मांडतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपलं पडघा आग्रा रोडवर. महामार्गाला नाव, नंबर काहीही देवोत, आम्हा जुन्या माणसांना तो आग्रा रोडच. भिवंडीच्या गोदामांतला माल घेऊन नाशिककडे जाणारे ट्रक रात्रंदिवस इथूनच जातात. आमच्या आळीतला एक मुलगा अशाच ट्रकवर ड्रायव्हर आहे. मला काका म्हणतो. नागपूर, इंदूर अशा त्याच्या लांबच्या खेपा. पूर्वी ड्रायव्हरच्या सोबतीला क्लिनर असायचा. हल्ली खर्च वाचवायला पुष्कळ मालक क्लिनर देत नाहीत. ह्याने एका ढाब्यावरचं पिल्लू उचललं आणि क्लिनरच्या सीटवर बसवलं. नाव ठेवलं मोत्या. दीड वर्ष दोघं बरोबर हिंडले. "काका, रात्री ताडपत्रीला कोणी हात लावला तर माझ्याआधी हा उठतो. आणि बोलायला कोणीतरी असतं हो," असं सांगायचा.

एकदा एका गोदामाच्या फाटकावर कुत्रा आहे म्हणून गाडी आत घेतली नाही. चार तास फुकट गेले. मालक चिडला. कुत्रा तरी सोड, नाहीतर गाडी तरी सोड, म्हणाला. पोरगा माझ्याकडे आला. "काका, सोडला तर पाप लागेल का?"

मी कारकून माणूस. डिझेल, टोल, भत्ता, हमाली, घरचा हप्ता असं सगळं बोटांवर मोजून दाखवलं. म्हटलं, ह्यात कुत्र्याचा रकाना कुठे आहे? ढाब्यावरून आणलास ना, मग ढाब्यावरच सोड. कुत्र्याची जात, कुठेही पोट भरेल.

त्याने इगतपुरीच्या पुढे एका ढाब्यावर मोत्याला सोडलं. पाचव्या दिवशी परतताना पाहतो तर मोत्या तिथेच. ढाबेवाल्याने सांगितलं, टाकलेलं थोडंफार खातो, पण ट्रक थांबला की धावत जाऊन क्लिनरच्या बाजूच्या दाराखाली उभा राहतो. अशाच धावपळीत कुठल्या तरी गाडीचा धक्का लागून पाय दुखावला होता. पोराने त्याला उचलून घरी आणलं. मला एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून सोडला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्या रात्री महाभारत काढून बसलो. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याला विनाकारण मारतात. त्याची आई सरमा जाब विचारायला येते. कोणाला उत्तर देता येत नाही, आणि ती शाप देऊन जाते. शेवटाकडे, महाप्रास्थानिक पर्वात, धर्मराजापुढे इंद्राचा रथ उभा राहतो. इंद्र म्हणतो, कुत्रा रथात घेता येणार नाही. धर्मराज म्हणतो, जो भक्तीने माझ्यामागे आला त्याला टाकणं महापाप आहे. मग स्वर्ग नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे मागाहून कळतं. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली. पण तिथेही प्रश्न वाहनात कुत्रा घ्यायचा की नाही हाच होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. आणि माझी बाजू इंद्राची होती!

आता कोणी जाणकार म्हणतील, अहो, अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यात कबुतरापासून काय शिकले? आसक्ती नको, हेच ना? खरं आहे. भागवताच्या एकादश स्कंधातलं ते कबुतर बायकापिल्लं जाळ्यात सापडली म्हणून स्वतःही जाळ्यात पडलं. पण त्याने कोणाची सुटका झाली? कोणाचीच नाही. मोह विचारतो, ह्याच्यावाचून माझं कसं होईल? कर्तव्य विचारतं, माझ्यावाचून ह्याचं कसं होईल? ढाब्यावर दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, आणि मी तो विचारू दिला नाही.

बँकेच्या ताळेबंदात लोकांच्या ठेवी देण्याच्या बाजूला लिहितात. पैसा तिजोरीत असतो, तरी तो आपला नसतो. मुकं जनावरही तसंच. राखण करतं, सोबत करतं, म्हणून आपण त्याला येण्याच्या बाजूला लिहितो. पण हाताला सवय लावली, स्वतःचं पोट भरण्याची त्याची ताकद आपण काढून घेतली, की ती ठेव झाली. सरकारनेही हे ओळखलं आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात, उपासमार किंवा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे.

मात्र जवळ ठेवणं म्हणजेच सांभाळणं, असंही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. मे महिन्यात बंद केबिनमध्ये त्याला ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं. नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना आता वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण रस्त्यावर जुनेच ट्रक जास्त. शिवाय कुत्रा सोबत आहे म्हणून झोप लांबवायची नसते. १९६१ च्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसाचे सर्वसाधारण आठच तास घालून दिले होते. डोळा जड झाला की गाडी बाजूलाच घ्यायची.

म्हणून आम्ही तोड काढली. मोत्याला रेबीजची लस टोचली, त्याचं कार्ड गाडीच्या कागदांत ठेवलं. गोदामाबाहेरच्या चहावाल्याकडे लांब दोरी आणि पाण्याचं भांडं ठेवलं. मालकाशी मी स्वतः बोललो. तो पूर्ण राजी नाही, पण "बघू" म्हणाला, आणि अजून बघतोच आहे. चैत्र-वैशाखात मोत्या आमच्या पडवीत असतो. सोवळ्याचं काय, असं सौ. आधी म्हणाली. नंतर तीच त्याच्यासाठी भाकरी बाजूला काढू लागली. तरी आग्रा रोडवर ट्रक थांबला की तो अजून कान टवकारतो, तेव्हा माझी मान खाली जाते.

महाराजांच्या तसबिरीतले चार श्वान म्हणजे चार वेद, असं आपण मानतो आणि त्यांना फूल वाहतो. पाचवा खराखुरा पायरीशी आला की काठी उगारतो. मीही उगारली आहे. यंदा गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसताना एवढंच मागणार आहे, की ज्याला आपण आपलं म्हटलं त्याला वाटेत सोडण्याची बुद्धी होऊ नये; आणि कोणी सल्ला विचारला तर बोटं मोजण्याआधी क्षणभर थांबण्याची बुद्धी व्हावी.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.