घोडा बांध, गाय आण

बाराखडी आणि जोडाक्षरे एकदा बसली की मराठी मुलाला समोर येईल तो शब्द उच्चारता येतो. इंग्रजी वाचणारे मूल अनोळखी शब्दापाशी अडखळते, आणि त्या अडखळण्यातूनच शिक्षकाला कळते की इथे काहीतरी नीट समजलेले नाही. देवनागरीत ही सोय नाही. च आणि ज यांचे दोन उच्चार किंवा शब्दाअखेर गिळला जाणारा अकार अशा थोड्या अडचणी सोडल्या, तर लिहिलेले आणि बोललेले यांचे नाते इतके सरळ आहे की तिसरीतले मूल आयुष्यात कधी न ऐकलेला शब्द एका दमात वाचून पुढे जाते. वर्ग शाबासकी देतो. मुलाचे अज्ञान त्याच्याच खणखणीत आवाजाआड लपून राहते. 2005 पासून ग्रामीण भारतातल्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीतही मुलाकडून मजकूर मोठ्याने वाचून घेतात. त्या तुलनेने सौम्य कसोटीवरसुद्धा पाचवीतली निम्म्याच्या आसपासच मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. जी वाचतात त्यांना किती कळले, हा त्यापुढचा प्रश्न. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. त्यांनी बेरीज घेतली नाही, गुणाकार घेतला. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही.

अर्थ न कळता उच्चारलेल्या शब्दाला काही मोल आहे का, हा प्रश्न आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पुष्कळ आधी वेदाध्ययनाच्या संदर्भात विचारला गेला, आणि तो सौम्यपणे विचारला गेला नाही. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे: मंत्रांना अर्थच नसतो. त्यांतले शब्द बदलता येत नाहीत, त्यांचा क्रम हलवता येत नाही, काही मंत्र परस्परविरुद्ध आहेत, काही तर समजण्यापलीकडचे आहेत. मग अर्थाची उठाठेव कशाला? यास्काने हे आक्षेप एकेक करून खोडले, आणि वेद पाठ करूनही अर्थ न जाणणाऱ्याला ओझे वाहणारा खांब म्हटले. वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या मीमांसा दर्शनातल्या जैमिनीच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना शबरस्वामींनी हा वाद आणखी व्यवहारावर आणला. पाठ संपला की विद्यार्थ्याने समावर्तनाचे स्नान करून घरी जायचे, अशी रीत. शबरांचे म्हणणे असे की लगेच जाऊ नये. अध्ययनाला दिसणारे फळ आहे, ते म्हणजे कर्माचा बोध, आणि तो विचार केल्याशिवाय होत नाही. पाठ झाला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे, हे सांगणारा माणूस वेदाच्या अक्षर न् अक्षराला प्रमाण मानणारा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हेच मीमांसक एका लहान मुलाकडे वळले आणि त्याला शब्द कळतो तरी कसा, हे बारकाईने मांडू लागले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला सांगतो, “गाय आण.” दुसरा उठतो आणि गाय घेऊन येतो. कोपऱ्यात बसलेले मूल ते पाहते. त्या क्षणी त्याला दोनांपैकी एकही शब्द सुटा कळलेला नसतो. संपूर्ण उद्गार आणि संपूर्ण कृती, एवढेच एकमेकांना जुळलेले असते. मग केव्हातरी “गाय बांध” ऐकू येते, केव्हातरी “घोडा आण”. एक शब्द निघतो, दुसरा येतो, त्याबरोबर कृतीतला एक भाग बदलतो, आणि या काढण्या-घालण्यातून मूल शब्द वेगळे करते. त्यांच्यातल्या प्रभाकराचे मत असे की म्हणूनच शब्द कधीच एकटा कळत नाही, तो इतर शब्दांशी जोडलेल्या अवस्थेतच कळतो. कुमारिलाचे मत वेगळे: शब्द आपापला अर्थ स्वतंत्रपणे सांगतात आणि मग ते अर्थ जुळून वाक्यार्थ होतो. संत ऑगस्टीनने आपल्या बालपणाचे चित्र रेखाटताना मोठी माणसे वस्तूचे नाव घेतात आणि तिच्याकडे वळतात, त्यावरून मूल शिकते, असे लिहिले. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनचे 1953 साली निघालेले पुस्तक त्याच वर्णनाची चिकित्सा करत सुरू होते. मीमांसकांच्या चित्रात मात्र मुलाला कोणी काही दाखवतच नाही. मोठी माणसे आपल्या कामात आहेत आणि मूल त्या कामाच्या टप्प्यात बसले आहे. मला हे चित्र ऑगस्टीनपेक्षा खरे वाटते, आणि शाळेसाठी जास्त अडचणीचेही.

अडचण अशी की पुस्तकात गाय नसते. कोणी उठत नाही, कोणी काही आणत नाही. छापील पानावर फक्त उद्गार शिल्लक राहतो आणि कृती गळून पडते. तिसरी-चौथीच्या मुलापुढे असे वाक्य आले समजा: ‘खळ्यावर बैलांची पात फिरत होती आणि तिवड्याभोवती कणसांचा थर बसत चालला होता.’ शिक्षक फळ्यावर शब्दार्थ लिहितात. खळे म्हणजे मळणीची जागा. पात म्हणजे मळणीच्या बैलांची रांग. तिवडा म्हणजे खळ्याच्या मध्यभागी रोवलेला खांब. मूल वहीत उतरवून घेते, पण तिवडा कळायला खळे कळले पाहिजे, खळे कळायला मळणी, आणि मळणी कळायला पुन्हा खळे. आता हेच वाक्य पुढे वाचत गेले तर? बैल फिरतात, खुरांखाली दाणे सुटतात, मग वाऱ्याची दिशा बघून उफणणी होते, भूस एका बाजूला उडते, दुसरीकडे रास वाढते. कोणीतरी वर्गात मधोमध एक काठी धरून उभे राहिले आणि चार मुले एका रांगेत तिच्याभोवती फिरली, की तिवडा हा शब्द निराळा सांगावा लागत नाही. (खेड्यातल्या मुलाला हे आपोआप माहीत असते असे समजू नये. तिथेही आता मळणीयंत्र येते, आणि तिवडा आजोबांच्या बोलण्यापुरता उरला आहे.) म्हणून माझे म्हणणे असे: वाचनासाठी शब्दसंपत्ती वाढवणे म्हणजे पानावरून गळालेली कृती मुलाला परत मिळवून देणे. शब्दाला दुसरा शब्द लावून ते काम होत नाही.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, शब्दाची शक्ती, म्हणजे त्याचा अर्थाशी असलेला संबंध, कळण्याचे आठ मार्ग मोजले आहेत: व्याकरण, उपमान, कोश, जाणत्या माणसाचे सांगणे, व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचा शेजार. पहिली ओळख वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातूनच होते, हे त्यांनाही मान्य होते. कोश आठांतला एक. आपल्या वर्गात तो जवळजवळ एकटाच कामाला लावला जातो. ‘वाक्याचा उरलेला भाग’ हा मार्ग तर वाचनासाठीच बनलेला वाटतो. त्याचे जुने उदाहरण यवाचे आहे. काही लोक हा शब्द जवासाठी वापरत, काही राळ्यासाठी. यज्ञात नेमके काय घ्यायचे? उत्तर पुढच्या वाक्यात सापडले: इतर वनस्पती कोमेजतात तेव्हाही हे टवटवीत उभे असतात. म्हणजे जव. पुढचे वाक्य वाचून मागचा शब्द सोडवण्याची ही रीत आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शिकवता येते. तिला संस्कृत लागत नाही, पुढचे वाक्य वाचेपर्यंत थांबण्याची मुभा तेवढी लागते.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालतात तिथे प्रत्येक शब्दासाठी नाटक कोण बसवणार? शब्दार्थाची यादी निदान संपते. पण हिशोब करून पाहावा. आठवड्याला दहा शब्द, वर्षाला चाळीस आठवडे, म्हणजे चारशे, आणि पहिली ते चौथी मिळून सोळाशे. नॅगी आणि अँडरसन यांनी 1984 मध्ये अमेरिकेतल्या तिसरी ते नववीच्या छापील इंग्रजीतली शब्दकुले, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, मोजली, तो अंदाज अठ्ठ्याऐंशी हजारांच्या घरात गेला. मराठीचा आकडा वेगळा निघेल, पण यादीच्या आवाक्यात तो येणार नाही. यादी संपते ती शिक्षकापुरती. उलट बाजूचा आक्षेप मला जास्त जड वाटतो: नुसते वाचत राहिल्याने तरी शब्द कितीसे येतात? या विषयावरचे वीस प्रयोग एकत्र करून 1999 मध्ये काढलेला निष्कर्ष असा की वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच कळतात. प्रभाकराच्या बाजूने सगळे टाकून मोकळे होता येत नाही, ते इथे. एकदा भेटलेला शब्द निसटतो. तो थांबवायला कोणीतरी त्याचे नाव घेऊन, चार शब्दांत अर्थ सांगून, पुन्हा दुसऱ्या वाक्यात घालून दाखवावा लागतो. कुमारिल इथे कामाला येतो, पण दुसऱ्या पायरीवर. आधी गोष्ट आणि तिच्यातली कृती, मग सुटा अर्थ, मग तोच शब्द नव्या जागी. आणि सगळ्याच शब्दांसाठी नव्हे. तिवडा एकदा समजून गेला तरी चालेल. ‘निर्वाह’, ‘टंचाई’, ‘अंदाज’, ‘परिणाम’ हे पानोपानी भेटणारे शब्द मात्र सोडून चालणार नाही.

पाठांतराचा कैवार घेणारे म्हणतील, रामरक्षा आणि मनाचे श्लोक आपल्या कितीतरी पिढ्यांनी अर्थ न कळता म्हटले, अर्थ मागाहून आला, बिघडले काय? बिघडले काहीच नाही. कानात बसलेला शब्द पुढे कागदावर भेटला की परका वाटत नाही, आणि लहानपणी जिभेला मिळालेले वळण मोठेपणी विकत मिळत नाही. वेदपठणातल्या घनपाठासारख्या पद्धती अक्षर न बदलू देण्यासाठी होत्या, आणि ते काम त्यांनी चोख केले. पण मुलाच्या वाचनाचा हेतू मजकूर जतन करणे हा नाही. ‘मागाहून अर्थ आला’ असे आपण म्हणतो तेव्हा ज्यांना आला त्यांचीच साक्ष काढतो. त्यांच्या घरी कीर्तन होते, पोथी लावणारे कोणी होते, विचारले तर सांगणारे आजी-आजोबा होते. अर्थ मागाहून येतो तो आपल्या पायांनी येत नाही.

आणि इथे त्या गाय आणण्याच्या चित्रातली मोठी उणीव दिसते. मूल वडीलधाऱ्यांच्या बोलण्याच्या टप्प्यात बसले आहे, हे तिथे गृहीत धरले आहे. ज्या परंपरेने हा सिद्धांत घडवला तिनेच कोणाच्या कानावर काय पडावे याच्या भिंती घातल्या. ब्रह्मसूत्रातले अपशूद्राधिकरण तर शूद्राला वेदाच्या श्रवणाचाच निषेध करते. व्यवहारातून शब्द कळतो असे म्हणायचे आणि व्यवहाराबाहेर ठेवलेल्याला अडाणी ठरवायचे, ही विसंगती पंडितांना फारशी बोचली नाही. ज्ञानेश्वरांना आणि त्यांच्याआधी चक्रधरांना ती बोचली असावी, त्यांचे मराठीत बोलणे त्याची साक्ष देते. आज भिंत वेगळ्या जागी आहे. कोरकू, भिल्ली किंवा गोंडी घरातले मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यापाशी हजारो शब्द असतात, फक्त पुस्तकातले वडीलधारे दुसरीच भाषा बोलतात. कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांवरून 1995 मध्ये गरीब घरातल्या मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात असे मांडले गेले, आणि त्या आकड्यावर पुढे सडकून टीका झाली. तो इकडे उचलून आणून आईबापांना दोष देण्याची घाई नको. ओळखीच्या शब्दाच्या शेजारी अनोळखी शब्द ठेवावा, हा नैयायिकांचा मार्ग इथे शब्दशः लागू पडतो, आणि तो ओळखीचा शब्द मुलाच्या घरचा असावा लागेल.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावे ते सांगितले आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्याचे काही धडे. वाचन आणि शेती त्यांनी एकाच यादीत ठेवली. आपल्या वेळापत्रकात भाषेचा तास वेगळा आणि परिसर अभ्यासाचा वेगळा. भाषेच्या तासाला अडलेले ‘बाष्प’, ‘पाणलोट’, ‘पेरणी’, ‘साथ’ हे शब्द ज्या कृतींमधून कळायचे त्या सगळ्या दुसऱ्या तासाकडे गेलेल्या आहेत, आणि प्राथमिक शाळेत बहुधा हे दोन्ही तास एकच शिक्षक घेतात. वेळापत्रकातली ती रेघ पुसायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.