यात्रा आणि सहल

सुटीचा एक दिवस काढून एखाद्या देवळाच्या खेड्यास जावे, दोन घटका पिंपळाच्या पारावर बसावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, ही इच्छा सुशिक्षित कुटुंबांत आता इतकी रूढ झाली आहे की तिजविषयी प्रश्न काढणे अरसिकपणाचे वाटेल. तथापि प्रश्न आहे. जेथे लोक नवस फेडावयास येतात, तेथे आपण केवळ शीण घालविण्यासाठी जावे, हे योग्य होय काय?

भाविक मनुष्य चटकन ‘नाही’ म्हणेल. परंतु त्याचे उत्तर इतिहासास मान्य होण्याजोगे नाही. भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या रस्त्यावरील अड्याळ हे हनुमंताचे गाव. चैत्रात तेथे यात्रा भरते. मारुतीपुढे नारळ फुटला की त्याच पावली खेळणी, बांगड्या आणि मिठाई यांचीही खरेदी व्हावयाची, हे कोणत्याही यात्रेस गेलेल्यास सांगावयास नको. जपानातही तोकुगावा अमदानीत शेतकऱ्यास गाव सोडून दूर जावयाचे तर परवाना लागे आणि तो मिळण्याचे सर्वमान्य कारण म्हणजे तीर्थयात्रा. मग इसेच्या देवस्थानास निघालेला यात्रेकरू वाटेतील शहरे पाहून व उष्णोदकाच्या झऱ्यांत अंग शेकून परतला, तर त्यास कोणी पाखंडी म्हणत नसे. पुण्य आणि मौज यांचा संसार फार जुना आहे.

तेव्हा विश्रांतीच्या इच्छेत पाप नाही. आमच्या मते खोच निराळ्याच ठिकाणी आहे. यात्रेच्या दिवशी पाहुणा काम टाकून येतो, आणि गावही काम टाकून त्याच्या स्वागतास उभे राहते. सहलीच्या दिवशी थांबतो तो एकटा पाहुणा. पावसाळ्यात अड्याळला उतरलेला नागपूरकर ओस चौक पाहून ‘किती शांत!’ असे उद्गारतो. चौक ओस असतो, कारण माणसे बांध्यांत असतात. रोवणीच्या दिवसांत बाया पोटरीभर चिखलात वाकून धानाची रोपे लावीत असतात. जिला आपण गावाची शांतता म्हणतो ती पुष्कळदा त्या गावाच्या कामाची वेळ असते. कोणी म्हणेल, आम्ही चहाचे, फुलांचे पैसे देतोच की! दिले; त्याने चहाचा हिशेब मिटला. शांतता तेथे कोणी विकावयास मांडलेली नव्हती.

हाच रस्ता पुढे पवनीस जातो. तेथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खाते यांनी केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. आणि पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) येथे आज जी महासमाधीभूमी उभी आहे, तिचा संबंध थेट जपानशी पोचतो. तिच्यामागे ज्यांचे परिश्रम आहेत ते भदंत संघरत्न माणके बालवयातच जपानात गेले आणि हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी या मठात त्यांचे शिक्षण झाले. या मठाची स्थापना ७८८ सालची, साइचो या आचार्याची. वैनगंगेकाठचा जो धर्म येथील माणसे शतकानुशतके विसरून बसली, तो इतका मोठा वळसा घालून पुन्हा वैनगंगेकाठीच आला. सहलीस आलेल्यास येथे ‘जपानचा तुकडा’ दिसतो, आणि तो छायाचित्र काढून पुढे निघतो. पण १९५६ साली नागपुरास ज्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांस ही वास्तू म्हणजे परदेशाचा देखावा नव्हे. ताठ मानेने उभे राहण्याची ती जागा आहे. तेथे मोठ्याने हसताना निदान एवढे ठाऊक असावे.

जपानी मठांत झाडलोट हा साधनेचाच भाग मानतात. अंगण झाडणारा भिक्षू आणि ध्यानस्थ बसलेला भिक्षू यांत उच्चनीच भाव नाही. आपल्याकडे देवळाचे अंगण झाडणारी म्हातारी कोणाच्या छायाचित्रात येत नाही. आलीच तर तिला बाजूस व्हावयास सांगतात. सहलीस जाणाऱ्याने हाती झाडू घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. दोन फरकाटे ओढून कृतकृत्य होणारे पाहुणे त्या म्हातारीचे काम वाढवितात. तिला बाजूस न सारता दर्शन घेता आले तरी पुष्कळ झाले.

दिवस उरला तर मंडळी गोसीखुर्दच्या धरणावर जातात. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाने वैनगंगा अडविली आहे, आणि मावळतीच्या वेळी ते पाणी खरोखर फार सुंदर दिसते. तेथेही शांतताच असते. त्या पाण्यासाठी जी गावे उठली, त्यांनाही पार होते, वेशीवर मारुती होते, वर्षातून एकदा घर भरून टाकणारे पाहुणे होते. ती माणसे आता आखून दिलेल्या भूखंडांवर राहतात. त्या वसाहतींचा रस्ता विचारणारा सहलकरी आमच्या तरी पाहण्यात नाही.