काय दिसलं तर मत बदलाल?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पीटर्सबर्गच्या क्रिएशन म्युझियममध्ये ४ फेब्रुवारी २०१४ रोजी एक जाहीर वादसभा झाली. एका बाजूला संग्रहालयाचे संस्थापक केन हॅम. बायबलमधली सृष्टीची कथा अक्षरशः खरी आणि पृथ्वीचं वय सुमारे सहा हजार वर्षं, असं ते मानतात. समोर टीव्हीवरून मुलांना विज्ञान शिकवणारे बिल नाय. शेवटी प्रश्नोत्तरं झाली, तेव्हा दोघांनाही विचारण्यात आलं की काय घडलं तर तुम्ही मत बदलाल? हॅम यांच्या उत्तराचा आशय असा होता की मी ख्रिस्ती आहे, देवाचा शब्द खरा नाही हे मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही. नाय यांनी एकच गोष्ट मागितली, पुरावा. एखादा जीवाश्म भलत्याच काळाच्या थरात सापडला तरी आपण फेरविचार करू, असं ते म्हणाले.

हॅम यांच्या उत्तराची नंतर खूप टर उडवली गेली. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. आपली श्रद्धा कुठून येते हे त्यांनी उघडपणे सांगितलं. अडचण पुढे सुरू होते. पुराव्याने जे मत बदलणार नाही असं आधीच ठरलेलं आहे, तेच मत प्रयोगशाळेचा निष्कर्ष म्हणून शाळेच्या वर्गात आणलं जातं, तेव्हा श्रोत्यांना खरी गोष्ट सांगितली जात नाही. श्रद्धा बाळगणं हा अप्रामाणिकपणा नव्हे. तिच्यावर विज्ञानाचं लेबल चिकटवणं हा आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या गावच्या खटल्यात हे शपथेवर बाहेर आलं. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शालेय मंडळाने केलेल्या ठरावानुसार नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं ठरलं: डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, त्यात उणिवा आहेत, आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ची, म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान शक्तीने केली या मताची, माहिती हवी असेल तर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक पाहा. विज्ञानशिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, म्हणून प्रशासनातल्या लोकांनी वर्गात जाऊन वाचलं. अकरा पालक संघराज्याच्या न्यायालयात गेले.

मंडळाचं म्हणणं होतं की याचा धर्माशी संबंध नाही. पण पुस्तकाच्या प्रती कोणी दिल्या, या प्रश्नावर मंडळाचे दोन सदस्य, विल्यम बकिंगहॅम आणि ॲलन बॉन्सेल, खटल्याआधीच्या जबानीत खरं बोलले नव्हते. प्रत्यक्षात बकिंगहॅम यांनी स्वतःच्या चर्चमध्ये पैसे गोळा केले होते आणि ८५० डॉलरचा चेक बॉन्सेल यांच्या वडिलांकडे पोचवला होता. ‘क्रिएशनिझम’ (निर्मितिवाद) हा शब्द आपण उच्चारलाच नाही, असं बकिंगहॅम सांगत होते. न्यायालयात टीव्हीवरच्या मुलाखतीची फीत लावली गेली आणि त्यात ते तोच शब्द बोलताना दिसले. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी बॉन्सेल यांना आसनावरून स्वतः प्रश्न विचारले.

पुस्तकाचे जुने मसुदेही न्यायालयात आले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये निर्मितिवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्याआधीच्या मसुद्यांत जिथे जिथे ‘निर्मितिवादी’ होतं, तिथे नंतर ‘डिझाइनचे पुरस्कर्ते’ आलं. व्याख्या जवळपास तीच राहिली. पालकांच्या बाजूच्या तज्ज्ञ साक्षीदार बार्बरा फॉरेस्ट यांनी दाखवलेल्या एका मसुद्यात तर हा बदल अर्धवट झाला होता: नवे शब्द बसवताना जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा तुकडा दोन्ही बाजूंना तसेच लटकत राहिले होते.

लीहाय विद्यापीठाचे मायकल बीही हे मंडळाचे मुख्य तज्ज्ञ साक्षीदार. सर्व सजीवांचा पूर्वज एक आहे हे ते मान्य करतात, हे सांगायला हवं. पण रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याची उत्तरं विज्ञानाकडे नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. उलटतपासणीत त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि नऊ पुस्तकं ठेवली गेली. बहुतेक त्यांनी वाचलेली नव्हती, तरीही हे पुरेसं नाही, असं त्यांचं उत्तर होतं. सभेच्या व्यासपीठावर असं उत्तर टाळ्या मिळवून जातं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र ते नोंदीवर राहतं. २० डिसेंबर २००५ रोजी जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. धर्मनिष्ठा मिरवणारी माणसं आपला हेतू लपवण्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलली, हे त्यात स्पष्ट नोंदवलं आहे. जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली होती, त्यामुळे हा डाव्यांचा कट होता असंही कुणाला म्हणता येत नाही.

पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर. पेशीजीवशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धावान रोमन कॅथलिक. त्यांनी मांडलेलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? ती नुसती नाहीशी झाली म्हणावं, तर इतकी जनुकं गमावून जीव जगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेलेली असली पाहिजेत. तसं असेल तर खुणा उरल्याच पाहिजेत. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला डीएनएचा एक ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. जोड झाला असेल तर टोकाचा हा क्रम मधोमध सापडायला हवा, तोही समोरासमोर भिडलेला. आणि जिथे एकच गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमियर) असतो तिथे दुसऱ्या, निकामी झालेल्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष मिळायला हवेत. असा जोड कुठेच नसता तर समान पूर्वजाची कल्पना गंभीर अडचणीत आली असती. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हे सगळं सापडलं. टोकांचा जोड १९९१ मध्ये दिसला आणि २००५ मध्ये त्या गुणसूत्राचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं. चुकीचं ठरण्याचा धोका सिद्धांताने आधीच पत्करला होता.

पण प्रामाणिकपणाची मक्तेदारी विज्ञानाकडे आहे असं मी म्हणणार नाही. १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाउनला ‘आदिमानव’ सापडला, तो माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा रंगवून, दात घासून केलेला बनाव होता. तो ४१ वर्षं टिकला, कारण अनेक ब्रिटिश शास्त्रज्ञांना मोठ्या मेंदूचा पूर्वज आपल्याच भूमीत हवा होता. १९५३ मध्ये तो उघड केला तो शास्त्रज्ञांनीच. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. भ्रूणांमधलं साम्य वाढवून दाखवणारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची १८७४ ची चित्रं, त्यांच्यावर त्याच्या हयातीतच टीका झालेली असूनही, १९९० च्या दशकापर्यंत पाठ्यपुस्तकांत छापली जात होती. निर्मितिवाद्यांनी त्यावर बोट ठेवलं, ते बरोबरच होतं.

आणि त्यांच्यातही टॉड वुड यांच्यासारखी माणसं आहेत. स्वतः निर्मितिवादी असूनही त्यांनी २००९ मध्ये लिहिलं की उत्क्रांती हा डबघाईला आलेला सिद्धांत नाही, तिच्या बाजूने भरपूर पुरावा आहे, आणि आपण श्रद्धेमुळे उत्क्रांती नाकारतो. या माणसाशी माझे मुळापासून मतभेद असतील, पण त्याच्याशी वाद घालता येईल.

आपल्याकडे जानेवारी २०१८ मध्ये, औरंगाबादला, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून विरोध केला. सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले आहेत. कुणी प्रत्यक्ष पाहिलं नाही म्हणून तपास बंद करायचा ठरवलं, तर निम्मे खून कागदावरच राहतील. रक्त, ठसे, वेळ, डीएनए या सगळ्यांची संगती लावूनच न्यायालय निर्णयाला येतं, आणि भूतकाळाचा अभ्यास करणारं विज्ञान नेमकं तेच करतं.

पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण अभ्यासाचा भार हलका करण्याचं दिलं गेलं, आणि त्यामागे दुसरा हेतू होता असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण जीवशास्त्र न घेणारी मुलं ते पुस्तक कधी उघडणार नाहीत. तो भाग परत यायला हवा, आणि येताना त्यात पिल्टडाउनही असावा, हेकेलची चित्रंही असावीत, त्यांत चूक काय होती आणि ती कशी पकडली गेली हेही असावं. त्याच्या शेजारी दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राची आकृती, आणि खाली मुलांना एकच प्रश्न: इथे काय सापडलं असतं तर तुम्ही हा सिद्धांत सोडून दिला असता?