सुटे पैसे

बँकॉकच्या राजवाड्याच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीलगत सकाळी एखादा नीटनेटका गृहस्थ उभा असतो. इस्त्रीचा सदरा, हातात नकाशा. पर्यटक दिसले की तो हसतो, कुठून आलात विचारतो आणि मग वाईट वाटल्यासारखं सांगतो, की आज राजवाडा बंद आहे, भिक्खूंचा विधी चालू आहे, दुपारनंतर या. तोवर ओळखीचा टुकटुकवाला 20 बाथमध्ये दोन-तीन देवळं दाखवून आणेल.

साताऱ्याचा प्रमोद, त्याची बायको स्मिता, चौथीतला ओंकार आणि एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आबा असे चौघं त्या टुकटुकमध्ये बसले. देऊळ एकच झालं. पुढचा थांबा होता रत्नांचं एक थंडगार दुकान. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे आणि हा नीलम भारतात दुप्पट भावाने जाईल. प्रमोदने अंगठी घेतली. 10,000 बाथ, म्हणजे आपले ₹25,000 च्या वर. दुपारी राजवाड्याच्या दाराशी आले, तर तिथे फलक होता की राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. आतून माणसांचे लोंढे बाहेर येत होते आणि तिकीट खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

ही फसवणूक बँकॉकमध्ये इतकी जुनी आहे, की तिच्याबद्दल दारावरच सांगावं लागतं. टुकटुकवाल्याला दुकानाकडून गिऱ्हाइकामागे पेट्रोलची कुपनं मिळतात, म्हणून त्याला 20 बाथ परवडतात. हे सगळं प्रमोदला रात्री हॉटेलातल्या एका पुणेकर प्रवाशाकडून कळलं. वर्षभर पैसे बाजूला टाकून काढलेली सहल होती. त्याच्या जागी कोणाचाही जीव जळला असता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावरच त्याने सगळ्यांना बजावलं, "आजपासून कोणाशी बोलायचं नाही. कोणी हाक मारली तर मागे वळायचं नाही. कोणी काही दिलं तर हात पुढे करायचा नाही. ओंकार, कळलं ना?"

ओंकारने मान हलवली. आबा चहात बिस्कीट बुडवत होते. ते काही बोलले नाहीत.

ताक्सिन पुलाखालच्या साथोर्न धक्क्यावरून ते चाओ फ्राया नदीच्या बोटीत बसले. ही बोट म्हणजे तिथली एसटीच म्हणायची. पर्यटक असतात, तशी कामावर जाणारी माणसं, शाळकरी मुलं आणि भगव्या वस्त्रातले भिक्खूही असतात. नारिंगी झेंड्याच्या बोटीला कुठेही उतरलं तरी तिकीट एकच. बोट धक्क्याला लागते न लागते तोच माणसं चढतात-उतरतात आणि ती सुटतेसुद्धा. मागच्या टोकाला एक पोऱ्या दोर घेऊन उभा असतो आणि शिट्ट्या मारत असतो. पुढे बसलेल्या चालकाला मागचं दिसत नाही. किती मागे घ्यायचं, कधी थांबायचं, कधी निघायचं, हे तो शिट्टीवरून ओळखतो.

आबांनी दोन धक्के नीट ऐकलं आणि ओंकारला म्हणाले, "ही बघ, ही आता डबल बेल झाली. निघणार गाडी." आणि बोट निघाली. ओंकार खूश झाला. पुढच्या प्रत्येक धक्क्यावर तो आधीच सांगू लागला.

मग तिकीटवाली आली. पंचविशीतली मुलगी, डोक्याला कापडी टोपी, हातात पत्र्याची लांबट नळी. नळीत एका बाजूला तिकिटांची गुंडाळी आणि बाकीच्या भागात नाणी. झाकण उघड-मीट करत ती टक टक आवाज करते, म्हणजे नव्याने चढलेल्यांना कळावं की तिकीट काढायचंय. त्याच झाकणाच्या कडेवर तिकीट फाडते. आबांचे डोळे तिच्या हातावर खिळले. यंत्रं येण्यापूर्वी तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन त्यांनी सातारा-मेढा गाडीत उभ्याने आयुष्य काढलं होतं. पंच दांड्यावर वाजवला की झोपलेला माणूससुद्धा खिशात हात घालायचा.

प्रमोदने चार बोटं दाखवली आणि नोट दिली. थाई 100 ची नोट लाल असते आणि 500 ची जांभळी. बोटीच्या सावलीत, नवख्या माणसाला त्या सारख्या वाटू शकतात. मुलीने चार तिकिटं फाडली, 100 बाथमधून उरतील तेवढी नाणी आणि एक हिरवी 20 ची नोट त्याच्या हातावर ठेवली, तळहात दाखवून काहीतरी म्हणाली आणि गर्दीत पुढे सरकली. प्रमोदने न मोजता पैसे खिशात घातले.

आबांनी मात्र एक गोष्ट पाहिली होती. बाकीच्यांच्या नोटा तिने कमरेच्या पिशवीत टाकल्या. प्रमोदची नोट तिने लांबट दुमडून डाव्या हाताच्या बोटांत धरली होती.

"प्रमोद, तिच्याकडे आपलं काहीतरी राहिलंय," आबा म्हणाले. "जिचे सुटे द्यायचे असतात ती नोट कंडक्टर पिशवीत टाकत नाही."

"आबा, इथे तुमची एसटी नाहीये."

ता तिएन धक्का आला. चौघं उतरले. बोटीतून ती मुलगी ओरडत होती, हात हलवत होती. धक्क्यावर दोर धरणारा माणूसही त्यांच्याकडे बघून हाका मारू लागला. "मागे बघू नका," प्रमोद म्हणाला. "आणखी पैसे मागतील." त्याने ओंकारचा दंड धरला आणि तो झपाझप बाजारातून बाहेर पडला. आबा तेवढे एकदा वळले. शिट्टी झाली होती. बोट पाण्यात शिरली होती.

वाट फो तिथून दोन मिनिटांवर आहे. तिकीट खिडकीशी प्रमोदने पाकीट उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. जांभळी नोट नव्हती.

"बघा! चारशेला बुडवलं."

"बुडवायचं असतं तर ती ओरडली कशाला असती?" आबा म्हणाले. "तिच्या पिशवीत आता चारशे जास्त आहेत. संध्याकाळी हिशेब द्यायचा असेल तिला. पैसे कमी भरले तर खिशातून घालावे लागतात आणि जास्त भरले तर कुठून आले ते सांगावं लागतं. मी हे भोगलंय रे. मेढ्याला उतरलेल्या एका म्हातारीचे सुटे राहिले होते, आठवडाभर मला तीच दिसायची."

"काल 10,000 गेलेत, आबा."

"ते घेणारा वेगळा होता. एका स्टॉपवर फुकट्या सापडला म्हणून पुढच्या गावाला सगळ्यांना चोर समजून तिकिटं फाडली असती, तर मी एवढी वर्षं नोकरी केली नसती."

प्रमोद गप्प झाला, पण पटलं म्हणून नव्हे.

आत निजलेला बुद्ध आहे, 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. एवढी मूर्ती एका नजरेत मावत नाही. खांबांच्या मधून आधी चेहरा दिसतो, मग कोपर, मग सोन्याचा न संपणारा उतार आणि शेवटी तळपाय. तळपायांवर शिंपल्यात 108 शुभचिन्हं जडवलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीशी ओळीने 108 काशाच्या वाट्या ठेवल्या आहेत. 20 बाथ दिले की लहान नाण्यांचं एक भांडं मिळतं, आणि प्रत्येक वाटीत एकेक नाणं टाकत जायचं. दालनात तो खणखणाट अखंड चालू असतो. मला विचाराल तर तिथे मूर्तीइतकाच हा आवाज लक्षात राहतो.

ओंकारने सुरुवातीला उत्साहाने दोन-दोन नाणी टाकली. शेवटच्या काही वाट्या उरल्या आणि भांडं रिकामं झालं. तो रडवेला होऊन तिथेच उभा राहिला. मागून एक थाई म्हातारी येत होती. तिने न बोलता आपल्या भांड्यातली मूठभर नाणी त्याच्या भांड्यात ओतली. ओंकारचा हात पुढे होता होता थबकला आणि त्याने बापाकडे पाहिलं. प्रमोदने पटकन पाकिटावर हात ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "किती?" म्हातारीला ते कळलं नाही. ती हात जोडून हसली आणि पुढच्या वाटीकडे वळली. तिची स्वतःची नाणी मात्र शेवटच्या वाटीपर्यंत पुरली नाहीत. उरलेल्या वाट्यांवरून तिने नुसताच हात फिरवला.

स्मिता हळूच म्हणाली, "अहो, पोरगं तुमच्याकडे बघतंय. आधी असं बघत नव्हतं."

दुपारी पलीकडच्या काठाला वाट अरुण पाहिलं. सूर्याच्या सारथ्याचं नाव असलेलं हे देऊळ जवळ गेल्यावर वेगळंच दिसतं. लांबून दगडी वाटणारा मनोरा बशा, वाट्या आणि चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलेला आहे. चीनहून येणारी गलबतं वजनासाठी तळाशी चिनी मातीची भांडी भरून आणत. इथल्या कारागिरांनी त्यांतून फुलं घडवली. गुडघ्यांमुळे आबा वर चढले नाहीत. पायथ्याशी बसून ते एकेका पाकळीत कोणत्या बशीची कड आहे ते ओंकारला दाखवत राहिले.

परत निघताना प्रमोद म्हणाला, इथूनच टॅक्सी बोलावू. आबा उठले आणि म्हणाले, "नाही. ज्या धक्क्यावर उतरलो तिथूनच जायचं. पैशासाठी म्हणत नाही. तिला द्यायचे असतील, तर आपण तिच्या वाटेवर असायला हवं." सबंध सहलीत आबांनी धरलेला हा एकच हट्ट होता. चौघं छोट्या नावेने नदी ओलांडून पुन्हा ता तिएनला आले.

धक्क्यावर सकाळचाच दोरवाला होता. त्याला ओळख पटवायला काही लागलं नाही. सबंध धक्क्यावर गांधी टोपी एकट्या आबांच्या डोक्यावर होती. तो धावत आला आणि सदऱ्याच्या खिशातून त्याने रबर लावलेली घडी काढली. आत शंभराच्या चार लाल नोटा होत्या. सकाळी बोट सुटता सुटता मुलीने त्या धक्क्यावर त्याच्या हातात दिल्या होत्या, हे त्याने खुणांनी सांगितलं. नदीकडे बोट, मग टक टक झाकण वाजवल्याची नक्कल, मग आपला खिसा.

प्रमोदने त्यातली एक नोट त्याच्यापुढे धरली. त्याने दोन्ही हात मागे घेतले. मग मोबाइल काढून त्याने कोणाला तरी फोन लावला, आबांच्या टोपीकडे बघत हसून दोन वाक्यं बोलला आणि अंगठा वर केला.

"हिशेब जुळला तिचा," आबा म्हणाले, आणि तेव्हा कुठे ते बाकावर टेकले.

प्रमोदने ओंकारला बोलावलं. "सकाळी मी तुला जे सांगितलं ना, मागे वळायचं नाही म्हणून, ते विसर." एवढंच तो म्हणाला. मग दोरवाल्यासमोर उभं राहून त्याने त्या म्हातारीने जोडले होते तसे हात जोडले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा राजवाड्याला गेले. भिंतीशी तसाच एक गृहस्थ उभा होता आणि आज बंद आहे म्हणून सांगत होता. प्रमोद त्याच्यावर चिडला नाही, थांबलाही नाही. सरळ दरवाजापर्यंत चालत गेला आणि स्वतः पाहिलं. दार उघडं होतं. आतल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामायणाची 178 चित्रं आहेत. ओंकारला त्यात पांढरा हनुमान सापडला, पण लंका कुठे संपते ते कळेना. तेव्हा प्रमोदनेच शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी थाई शिक्षिकेला विचारलं. तिने आपल्या वर्गाबरोबर ओंकारलाही सगळ्या भिंती फिरवून दाखवल्या.

बँकॉकला गेलात तर राजवाडा उघडा आहे की बंद, हे दारापाशी जाऊनच ठरवा. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट घ्या. नोट देताना तिचा रंग बघा, आणि उतरल्यावर मागून कोणी हाक मारली तर एकदा वळून बघा.