लव, राठ केस आणि दुर्लक्ष

२०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत एक मुलगी पहिली आली आणि चर्चा झाली ती तिच्या ओठांवरच्या केसांची. हिणवणाऱ्यांबद्दल लिहिण्यात शाई घालवू नये. त्या मुलीच्या प्रकृतीशीही कुणाला देणंघेणं असायचं कारण नाही. पण अशा वेळी बाजू घेणाऱ्यांचा जो एक सूर हमखास लागतो, त्याचं काय? केस नैसर्गिक आहेत, ते तसेच स्वीकारा, डॉक्टर कशाला, असा तो सूर. हेतू चांगला, विचार उथळ.

नैसर्गिक तर मधुमेहही असतो.

बायकांच्या अंगावर लव असतेच, आणि काही घराण्यांत ती जरा जास्त असते. ती वेगळी. हनुवटी, छाती, बेंबीखाली पुरुषांसारखे जाड, काळे, राठ केस उगवू लागले की मामला बदलतो. अशा बहुतेक बायकांमध्ये मूळ निघतं ते पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं. जगभरात प्रजननवयातल्या शंभरांतल्या ८ ते १३ जणींना तो असतो. त्यात बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंड ते आणखी ओततं. हे जादा इन्सुलिन बीजकोशांना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. शिवाय या संप्रेरकाला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मोकळं सुटलेलं संप्रेरक मग केसांच्या मुळाशी पोचतं. १९२१ मध्ये आशार आणि थिएर या फ्रेंच वैद्यांनी तर राठ केस आणि मधुमेह यांच्या जोडीचं ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ असं वर्णनच केलं होतं.



स्वीकारवाद्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं: केसांवरून साखर मोजता येत नाही. चेहरा केसाळ, पण तपासण्या साफ, अशाही बायका असतात. बारीक बाईला काळजी नको, हा समज मात्र आपल्याकडे टिकत नाही. अंगकाठी बारीक पण चरबी जास्त, हे भारतीय शरीराचं वैशिष्ट्य पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीच दाखवून दिलंय. पण काहींच्या तपासण्या साफ निघतात म्हणून तपासायचंच नाही? मुलीच्या मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतो आणि आई त्याला मळ समजून डाळीच्या पिठाने घासघासून मान लाल करते. तो मळ नसतो. बऱ्याचदा ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते, आणि पाळी तीन-तीन महिने लांबत असेल तर संशय आणखी पक्का.

सगळा घोळ स्वीकार आणि दुर्लक्ष यांत फरक न केल्याचा आहे. स्वीकार चेहऱ्याचा करावा. दुर्लक्ष रक्ताकडे होता कामा नये. केस ठेवावेत की काढावेत हे जिचं तिनं ठरवावं, त्यात आई, नवरा, समाजसुधारक कुणीही पडू नये. मात्र केस अचानक, भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर एक आठवडाही थांबू नये. क्वचित त्यामागे गाठ असते. एरवीही राठ केस आणि लांबणारी पाळी असं दोन्ही असेल, तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी एकदा करून घ्यावी. तिच्यासाठी हनुवटीवरचा एकही केस काढावा लागत नाही.